मानशीचं दार

प्रिय बाये,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चवथीच्या आदल्या आठवड्यात आलं आणि गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायच्या गडबडीत टेबलावर तसंच पडून राहिलं. काल गणपती पोचवले, घर रिकामं झालं, तेव्हा सलग वाचलं. मग पुन्हा एकदा. गावचा डोंगर वाचवण्याबद्दल, ग्रामसभेबद्दल, लिहिण्याबद्दल तू प्रश्न बरेच विचारलेस, पण खरा प्रश्न शेवटच्या पानावर आहे, दुसऱ्याच शाईने लिहिलेला: "बाई, मला इतकी भीती वाटते, म्हणजे मी नाटकी आहे का?"

नाही गं.

भीती खोटी असते असं मी तुला सांगणार नाही. मी फोंडा महालातली बाई. १९९५ च्या जानेवारीत केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, तेव्हा मी त्याच तालुक्यात शाळेत शिकवत होते. प्रकल्प पुढे गोव्यातून गेला. पण त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी मोठ्याने बोललं नाही, हे मला प्रकल्पापेक्षा जास्त आठवतं. वडिलांना तर ही सवय आधीपासूनचीच. पोर्तुगिजांच्या राज्यात त्यांच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवून आणावी लागली होती. 'आपले आगमन प्रार्थनीय' या शब्दांत कसलं बंड दडलं असणार, ते त्यांच्या हुकूमशहाला, सालाझारलाच ठाऊक.

तरी तुझं पत्र वाचताना मी एक आगाऊपणा केला. पेन्सिल घेऊन मोजलं. पत्रात पोलीस एकदा येतात. मोठे काका सात वेळा.

म्हणजे तुझी भीती लाठीची नाही, घरातली आहे. डोंगराच्या वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, काकांचं नाव आहे. भावाची नोकरीची ऑर्डर कुणाच्या तरी टेबलावर अडकलेली आहे, आणि पालखीच्या रात्री देवळात कोण बोलेल, कोण तोंड फिरवेल, याचा हिशेब आई आतापासून करते आहे. गोव्यात हा मामला असाच असतो. दिल्लीचा बिल्डर पेपरात दिसतो. ग्रामसभेत पुढच्या खुर्चीवर मात्र आपल्याच घरचं माणूस बसलेलं असतं. म्हणून बाहेरून येऊन 'निर्भय व्हा' सांगणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. ते संध्याकाळच्या बसने परत जातात.

तू ग्रामसभेत भाषण करूच नकोस. प्रश्न विचार. अमुक सर्व्हे नंबर, अमुक पोटहिस्सा. झोन कधी बदलला, नगरनियोजन कायद्याच्या कुठल्या कलमाखाली बदलला, १७(२) की ३९अ, पंचायतीला कळवलं होतं का? यात काकांचं नाव कुठेच येत नाही, आणि उत्तर त्यांना द्यायचं नसतं, सरपंचांना द्यायचं असतं. प्रश्न लेखी दे. आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नकोस. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतील तेव्हा तुझा प्रश्न त्यात आहे की गाळलाय, ते कान देऊन ऐक. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे सभेच्या महिनाभर आधी तो गेलेला बरा. हात थरथरले तर कागद पुठ्ठ्याला लावून धर. मी अजून तेच करते.

आता लिहिण्याचं. खरं तर पेन उचललं ते याच्यासाठी.

तुझी कथा वाचली. पहिली चार पानं तुझी आहेत. पाचव्या पानापासून पत्रक सुरू होतं. मला ते लगेच ओळखू आलं, कारण मी दोन्ही बाजूंनी मार खाल्लेली आहे.

२००६-०७ चं साल. गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ च्या विरोधात गावोगावी सभा चालल्या होत्या. आमच्या गावची पत्रकं माझ्याकडे आली, मराठीची बाई म्हणून. एकात मी ठोकून दिलं, 'हजारो झाडांची कत्तल'. लिहिताना काय छान वाटलं होतं! सुनावणीत साहेबांनी ते पत्रक उचललं, चष्मा लावला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मोजली कोणी?" कोणीच मोजली नव्हती. पुढचा अर्धा तास आमची माणसं डोंगर सोडून माझ्या 'हजारो'ची वकिली करत बसली. आराखडा शेवटी रद्द झाला, पण तो दुसऱ्यांच्या नेटक्या कागदांमुळे. माझ्या पत्रकामुळे नव्हे.

त्याच वर्षी मी एक कथा लिहिली. जमीन विकणारा माणूस. वाड्यावरच्या कुणालाही ओळखता येईल असा. एका दिवाळी अंकात ती छापून आली, दोन-तीन जणांनी 'जळजळीत' म्हटलं, मी खूश. त्या माणसाची मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गात होती. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत तिने माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. प्रश्नाचं उत्तर द्यायची ती फळ्याकडे बघून.

तिची माफी मी नीटशी कधी मागितली नाही. ते माझ्याकडे राहिलंय.

पुष्कळ वर्षांनी ती कथा पुन्हा वाचली तर कळलं, की नुसती क्रूर नव्हती, वाईटही होती. त्या माणसाला मी जत्रेत भजी खाताना पाहिलं होतं, बांधावर बसून विडी ओढताना पाहिलं होतं, खोकताना ऐकलं होतं. कथेत यातलं काही नाही. सात पानांत मी त्याला घोटभर चहासुद्धा दिला नव्हता.

तेव्हापासून माझ्या दोन वह्या आहेत. पत्रकाच्या वहीत ज्या वाक्याखाली कागद नाही ते वाक्य नाही. चौरस मीटर, तारीख, फाईल नंबर. विशेषण एकही नाही. कथेच्या वहीत उलट. तिथे जे मला आधीपासून पक्कं ठाऊक आहे ते लिहायचं नाही. जागासुद्धा वेगळ्या. पत्रकं स्वयंपाकघराच्या टेबलावर, कथा बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर. तुझ्याकडे बाल्कांव नाही हे मला माहीत आहे. न्हाणीच्या पायरीवर बस, पण जागा बदल. आणि पाचव्या पानावर परत जा. तिथे काकांना जेवायला वाढ. मग ते काय बोलतात ते ऐकून लिही, तू त्यांना बोलायला लावू नकोस.

तब्येतीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'झोप लागत नाही, पण ते चालायचंच'. ते चालत नाही, बाये. माझं चाललं नाही. त्या धामधुमीत एका सकाळी मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. सात सक्कं बेचाळीस म्हटलं आणि पुढचं येईना. चाळीस पोरं तोंड उघडून थांबलेली. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सात सत्ते एकोणपन्नास, बाई." मी खुर्चीत बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. डॉक्टरांना काही मोठं सापडलं नाही. दोन महिने रात्री तीन-तीन तास झोप आणि दिवसभर चहा, एवढंच सापडलं.

तुम्ही मुलं याला सेल्फ-केअर म्हणता. आमच्याकडे त्याला पेज म्हणायचे. शेतात लावणी चालली असली, वर आभाळ भरून आलेलं असलं, तरी दहा-अकराला माणसं चिखलातून वर यायची, पेज आणि चेपणीची तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, खायची, दोन शब्द बोलायची आणि पुन्हा वाकायची. लावणी अडलीय आणि तुम्ही काय खात बसलात, असं जमिनीचा मालक भाटकारही म्हणत नसे. (म्हणत असतील काही. पण ऐकत कोण होतं!)

आमच्या घरामागच्या खाजन शेताला, नदीकाठच्या त्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीला, मानस आहे, पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दार, तू पाहिली आहेस. भरती चढली की नदीचंच पाणी तिचं दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. दार सतत उघडं राहिलं तर शेत खारं होतं, सतत बंद राहिलं तर आत पाणी तुंबतं. बांधाला एकदा खांड पडली की दोन-तीन पावसाळे खारं सोसणारं कोरगुट भातसुद्धा धड पिकत नाही. मी लहानपणी पाहिलंय. तुझ्या फोनला असलं दार नाही. गावच्या ग्रुपवर रात्री साडेबाराला कुणीतरी जेसीबीचा फोटो टाकतो, तू उठून बसतेस, आणि त्या वेळी करण्यासारखं तिथे काहीच नसतं. नऊनंतर फोन आईच्या खोलीत ठेव. खरंच काही घडलं तर लोक दार ठोठावतील. आपल्याकडे अजून ठोठावतात.

आणि महिनाभर असंच राहिलं, रडू यायला लागलं, काही सुचेनासं झालं, तर १४४१६ ला फोन कर. सरकारची मोफत सेवा आहे, नाव टेली-मानस. नाव ठेवणाऱ्याला आमची मानस माहीत नसणार, पण नाव बरोबर पडलंय.

राहिला प्रश्न पुण्याच्या प्रकाशकांचा. त्यांनी दिवाळीपर्यंत पूर्ण हस्तलिखित मागितलंय आणि तू 'आता चळवळ सोडून कशी बसू' म्हणून नाही कळवणार आहेस. कळवू नकोस. चळवळ तुझ्यावाचून थांबणार नाही, हे ऐकून तुला जरा लागेल, पण मला हायसं वाटतं. माहिती अधिकाराची उत्तरं तुझ्या एकटीच्या फाईलमध्ये आहेत ना? तो दोष आहे, त्याग नव्हे. दोन झेरॉक्स काढ, एक संच वाचनालयात ठेव, एक त्या रिक्षावाल्या मुलाकडे दे. तो तुझ्यापेक्षा बरं बोलतो, मी ऐकलंय.

चांदरला २०२० च्या नोव्हेंबरात लोक रात्रभर रेल्वेच्या रुळांपाशी जमले होते, मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या दुपदरीकरणाच्या विरोधात. त्या रात्रीचे फोटो तू मला अजून पाठवतेस. सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली ती मे २०२२ मध्ये. मधल्या अठरा महिन्यांत माणसं रोज रुळांवर नव्हती. कुणी कागद वाचत होतं, कुणी मोलेची फुलपाखरं रंगवत होतं, कुणी आपल्या लेकराचा अभ्यास घेत होतं.

लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांच्याबद्दल मी वर्गात सांगितलेलं तुला आठवत असेल. १९५५ च्या नोव्हेंबरापासून आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून ते गोवामुक्तीचं रेडिओ केंद्र चालवत होते, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. सहा वर्षं रोज बातम्या जमवायच्या, लिहायच्या आणि ठरल्या वेळी बोलायच्या, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. मला त्यातलं विमानातून मुक्तीची घोषणा करणं वगैरे तेव्हा फार आवडायचं. आता ती 'ठरली वेळ' आवडते. तूही एक ठरव. सकाळी सहा ते साडेसात, पुण्याचं हस्तलिखित, दिवाळीपर्यंत. त्या दीड तासात डोंगर कुणी कापायला आलं तर मी जाऊन उभी राहते. मला आता नोकरीही नाही आणि भावाची ऑर्डरही नाही.

या रविवारी सभा आहे ना? संपल्यावर थेट इकडे ये, पेज करून ठेवते. पत्रकं आणू नकोस. पहिली चार पानं आण, कारण तिसऱ्या पानावरची ती म्हातारी डोंगरावरच्या फणसांना एकेक नाव देत चालते, आणि सातव्या फणसापाशी नाव न घेता पुढे जाते. का जाते, ते मला कळलं नाही. तुला माहीत आहे का?

तुझी
बाई