ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाचे तारण करण्यात देवाला आनंद होतो, तो कसा?

आपला प्रश्न असा आहे की, देव जर स्वतःमध्ये परिपूर्ण असेल तर माणसाच्या तारणाने, म्हणजे त्याला पापापासून सोडवण्याने, त्याला आनंद कसा होईल, आणि पापाचा न्याय करणारा देव क्षमा करतो ती मनापासून की नाइलाजाने. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि कित्येक वर्षे माझी अशीच समजूत होती की देव मला क्षमा करतो खरा, पण कपाळाला आठ्या घालून, येशूच्या भिडेखातर. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे लूकने सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, 15 वा अध्याय सावकाश वाचला तेव्हा ती समजूत टिकली नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

येशू जकातदारांबरोबर आणि पापी म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांबरोबर जेवतो, यावर परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) कुरकुर करतात, तेव्हा तो दृष्टांत सांगतो. शंभरांपैकी एक मेंढरू हरवते. मेंढपाळ ते शोधून काढतो आणि आनंदाने खांद्यावर घेतो. आनंदाचा पहिला उल्लेख घरी पोहोचल्यावर येत नाही. तो येतो परतीची सगळी वाट अजून चालायची असताना, ओझे खांद्यावर असताना. पुढे दहा नाण्यांपैकी एक हरवते. नाण्याला तर पश्चात्तापही करता येत नाही. दिवा लावणे, घर झाडणे, कानाकोपरा धुंडाळणे हे सारे ती स्त्रीच करते, आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. येथे येशूचे शब्द बारकाईने पाहावेत: पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल देवाच्या दूतांसमोर आनंद होतो, असे तो म्हणतो. दूतही आनंदित होत असतील, पण ते ज्याच्यापुढे उभे असतात त्याचाच हा आनंद आहे, असे मला वाटते.

तिसऱ्या दृष्टांतातला धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूर देशी ती उधळून टाकतो आणि उपाशीपोटी डुकरे राखताना बापाला काय सांगायचे ते मनाशी जुळवतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला एका चाकरासारखे ठेवा. बापाची भेट झाल्यावर तो हे बोलू लागतो, पण बहुतेक भाषांतरांत चाकरीचे ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, कारण तोवर बापाने झगा, अंगठी आणि जोडे आणण्याचा हुकूम दिलेला असतो. मुलगा दूर असतानाच बाप कळवळून धावत गेलेला असतो आणि त्याने त्याच्या गळ्यात मिठी घातलेली असते. नाइलाजाने क्षमा करणारा माणूस आधी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेतो.

आता परिपूर्णतेविषयी. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने असे मांडले की माणसाच्या मनाला हेलावणारे विकार देवाला नाहीत, तरी प्रेम आणि आनंद ही त्याच्या ठायी खरोखर आहेत, कारण आनंद म्हणजे इच्छेने आपल्या चांगल्यात विसावणे. मला ही मांडणी पटते. देवात काही उणे होते आणि ते आपण भरून काढले, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगत नाही. पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा या एकाच देवाच्या तीन व्यक्ती, यांच्यात जे प्रेम आधीपासूनच भरून आहे त्यात माणसाला सामील करून घेणे हे तारण होय. देव दयेत संतोष मानतो असे बायबलमधला मीखा संदेष्टा म्हणतो, आणि सफन्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तर देव आपल्या लोकांविषयी गाऊन हर्ष करतो असे चित्र आहे. देव गातो, या एका कल्पनेपाशी मी अजूनही थबकतो.

या आनंदाला किंमत पडली नाही असे मात्र कोणी समजू नये. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात असे आहे की, येशूने आपल्यापुढे ठेवलेल्या आनंदाकरिता लाज तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला. वधस्तंभ हा क्षमेसाठी देवाचे मन वळवण्याचा उपाय नव्हता. देवानेच जगावर प्रीती करून आपला पुत्र दिला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. न्याय येथे बाजूला सारलेला नाही, त्याचा भार देवाने स्वतःवर घेतला आहे.

मग जो ही क्षमा नाकारतो त्याचे काय, हा प्रश्न उरतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायात देव स्वतःच्या जिवाची शपथ घेऊन सांगतो की दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होत नाही, त्याने आपला मार्ग सोडून जगावे यातच मला संतोष आहे. आपल्याला नाकारणारे यरुशलेम शहर दिसताच येशू रडला तेही याच कारणाने. त्या तिसऱ्या दृष्टांतातला थोरला मुलगाही धाकट्याच्या स्वागतावर रुसून अंगणातच उभा राहतो. आत गाणेबजावणे चालू असते, आणि बाप मेजवानी सोडून बाहेर येऊन त्याची समजूत घालू लागतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.