ऑस्ट्रेलियातल्या नामशेष झालेल्या महाकाय शिशुधान (पिल्लाला पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्याचं शास्त्रीय नाव काय? ‘ऑप्टॅटम’ की ‘ऑस्ट्रेलिस’?

बरोबर नाव डायप्रोटोडॉन ऑप्टॅटम. जुन्या पुस्तकांत डायप्रोटोडॉन ऑस्ट्रेलिस असंही छापलेलं सापडतं. ते दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं नाव नव्हे, याच प्राण्याला नंतर दिलं गेलेलं नाव आहे आणि आज ते ग्राह्य धरत नाहीत. मी प्राणिशास्त्र शिकवतो. वर्गात हा प्रश्न आला की नुसतं नाव सांगून पुढे जाणं मला जमत नाही, कारण ही दोन नावं कशी आली ते कळलं की शास्त्रीय नावांचा सगळा व्यवहारच कळतो.

न्यू साउथ वेल्समध्ये वेलिंग्टन इथे चुनखडीच्या गुहा आहेत. 1830 साली तिथले सर्वेक्षण अधिकारी थॉमस मिचेल यांनी त्या गुहांमधून बरीच हाडं गोळा केली. ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्यापर्यंत पोचली. हे तेच ओवेन, ज्यांनी पुढे 1842 साली ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ केला. त्यांच्या हाती आलं होतं ते जबड्याचा तुकडा आणि पुढचा दात इतकंच. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की हा वोम्बॅट या आजच्या शिशुधान प्राण्याच्या गोतावळ्यातला, पण कितीतरी मोठा प्राणी आहे. 1838 साली त्यांनी त्याला नाव दिलं. डायप्रोटोडॉन म्हणजे पुढे दोन दात असलेला.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या निरनिराळ्या भागांत असे अवशेष मिळत गेले आणि ज्याला जो तुकडा वेगळा वाटला त्याने त्याला नवं नाव दिलं. ऑस्ट्रेलिस हे नाव खुद्द ओवेन यांनीच 1844 साली दिलेलं. लहान आकाराचे दात पाहून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी 1862 साली ‘मायनर’ ही जात वेगळी काढली. अशी नावांची भर पडतच राहिली. हा गुंता जवळजवळ दीडशे वर्षं तसाच होता. 2008 साली गिल्बर्ट प्राइस या संशोधकाने ठिकठिकाणच्या संग्रहांतले दात एकत्र अभ्यासले. दातांचे आकारमानाने दोन गट पडत होते, मोठे आणि लहान. पण घडण तीच, आणि दोन्ही गट एकाच ठिकाणी, बरोबरीने सापडणारे. म्हणजे जाती दोन नव्हेत, नर आणि मादी. आजच्या मोठ्या कांगारूंमध्येही नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. सगळी नावं एकाच प्राण्याची ठरली की प्राणिशास्त्राच्या नियमानुसार सर्वांत आधी दिलेलं नाव टिकतं. म्हणून 1838 चं ऑप्टॅटम राहिलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. नवी जात शोधली की नाव होतं. जुन्या जाती एकत्र करायला मात्र कपाटांतले दात एकेक करून मोजावे लागतात.

प्राणी कसा होता तेही सांगतो. खांद्याशी उंची सुमारे 1.8 मीटर, वजन अंदाजे 2,700 किलो. आजवर माहीत असलेल्या शिशुधान प्राण्यांत हा सर्वांत मोठा. पूर्णपणे शाकाहारी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कॅलाबोना या कोरड्या खाऱ्या सरोवरात याचे सांगाडेच्या सांगाडे मिळाले. गाळात रुतून मेलेली ही जनावरं होती. 1893 साली अॅडलेडच्या संग्रहालयाने तिथे उत्खनन केल्यावर त्याच्या पायांची रचना नीट समजली. 2017 साली प्राइस आणि सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडमधल्या एका दाताचं रासायनिक विश्लेषण केलं. हे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे जनावराने कोणत्या भागातला चारा खाल्ला त्याच्या खुणा त्यांत थराथराने उरतात. त्यावरून कळलं की हा प्राणी ऋतूप्रमाणे सुमारे 200 किलोमीटर जायचा आणि परत यायचा. शिशुधान प्राण्यांत असं स्थलांतर आज कुठेच दिसत नाही. साधारण 40 हजार वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला. माणूस त्याआधीच तिथे पोचलेला होता. शिकार की बदलतं हवामान, हा वाद अजून मिटलेला नाही.

दोन गल्लती टाळा. याला ‘महाकाय वोम्बॅट’ म्हणतात, पण त्याचं कुळ वेगळं, डायप्रोटोडोंटिडी. आणि डायप्रोटोडोंशिया हे संपूर्ण गणाचं नाव आहे. त्यात कांगारू, कोआला, वोम्बॅट सगळेच येतात, तेव्हा ते या प्राण्याचं नाव म्हणून लिहू नका.

तुमच्या मनात महाकाय कांगारू असेल तर उत्तर प्रोकॉप्टोडॉन गोलिया. मांसाहारी ‘शिशुधान सिंह’ असेल तर थायलॅकोलिओ कार्निफेक्स. परीक्षेत रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, आणि हाताने लिहीत असाल तर दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.