तोच नंबर, पण एका कंपनीवरून लागत नाही

प्रश्न : दुकानाचा नंबर दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला. तेव्हापासून एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकांचे दहातले तीन-चार कॉल लागत नाहीत. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू येतं. सिम बदललं, हँडसेट बदलला, फरक नाही. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सिम-हँडसेटवर आणखी पैसे घालू नका. कॉल तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच वाट चुकतो आहे.

पोर्ट झालेला नंबर आता कुणाकडे आहे, हे शोधायचं काम आपल्याकडे कॉल करणाऱ्याच्या कंपनीचं असतं. ती स्वतःजवळची यादी बघते आणि त्यानुसार कॉल पुढे धाडते. यादीच्या प्रती एकाहून जास्त यंत्रांवर असतात. एखाद्या प्रतीत तुमची नोंद जुनीच राहिली, तर त्या यंत्राच्या वाट्याला आलेला कॉल जुन्या कंपनीकडे जातो आणि तिथून ‘असा नंबर नाही’ म्हणून परततो. दहातले तीन-चारच कॉल अडकतात, म्हणून आमचा पहिला संशय यावरच आहे.

खात्री करून घ्या. त्या कंपनीच्या दोन फोनवरून सकाळी 11 ला आणि रात्री 8 ला दहा-दहा कॉल करा. दोन्ही वेळी सारखेच अडकले, तर नोंद किंवा एखादा मार्ग बिघडलेला आहे. फक्त रात्रीच अडकले आणि ‘सर्व लाइन्स व्यस्त’ ऐकू आलं, तर दोन कंपन्यांमधल्या जोडणीवर गर्दी आहे, तिथे 0.5 टक्क्यापेक्षा जास्त कॉल अडू नयेत, असा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) निकष आहे. गिऱ्हाईक लँडलाइनवरून लावत असेल, तर आधी 0 लावतं का, तेही विचारा. जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना तो लावावाच लागतो.

प्रत्येक फसलेल्या कॉलची ओळ लिहा : ‘12 तारीख, 11:04, कॉल करणारा नंबर, गाव, 6 सेकंद शांतता, मग अस्तित्वात नाही.’ वेळ मिनिटापर्यंत अचूक हवी, नाहीतर इंजिनिअरला तो कॉल नोंदींत सापडत नाही.

मुख्य तक्रार गिऱ्हाइकाने आपल्या कंपनीच्या 198 वर करायची. इथेच बहुतेकांचं चुकतं : फक्त तुमच्या कंपनीकडे गेलात, तर तिथे तो कॉल पोचलेलाच नसतो. ‘पोर्ट झालेल्या नंबरची राउटिंग नोंद (कॉल कुणाकडे धाडायचा याची नोंद) तपासा’ असंच सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल, तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं; त्याला शुल्क नाही.