हजार वर्षांच्या राज्याबद्दल, एका तरुण अभ्यासकाला

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. हजार वर्षांच्या राज्याबद्दल तीन मतं आहेत, तिन्ही बाजूंना प्रार्थनाशील माणसं आहेत, सगळे एकच बायबल उघडतात, मग खरं कोणाचं, असं तू विचारतोस. माझं मत मी लपवणार नाही. पण त्याआधी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, विसावा अध्याय एकदा शेवटच्या काळाचा कुठलाही तक्ता शेजारी न ठेवता वाच. हजार वर्षांचा उल्लेख तिथे दुसऱ्या ते सातव्या वचनांत सहा वेळा येतो. ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करण्याची गोष्ट बायबलमध्ये दुसरीकडे कुठेही अशी मांडलेली नाही. ख्रिस्ती मंडळी इतकी शतकं वाद घालत आली आहे ती एवढ्या लहानशा उताऱ्यावरून.

वाचताना आधी बघ, त्या राजासनांवर बसलं आहे कोण. येशूच्या साक्षीसाठी ज्यांचा शिरच्छेद झाला, ज्यांनी श्वापदाला, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या सत्तेला, नमन केलं नाही, त्यांचे आत्मे योहानाला तिथे दिसतात. पात्म बेटावरून तो आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहीत होता, आणि त्यांतल्याच पर्गमम मंडळीचा साक्षीदार अंतिपा तोवर मारला गेलेला होता. सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून विचारतात, आणखी किती काळ? त्यांना शुभ्र झगे मिळतात आणि थोडं थांबायला सांगितलं जातं. विसाव्या अध्यायात त्यांना राजासनं मिळतात. जगाच्या न्यायालयांनी ज्यांना दोषी ठरवलं, त्यांच्याच हाती देव न्याय सोपवतो. माझ्या दृष्टीने अध्यायाचा गाभा हा आहे. ज्या स्पष्टीकरणात हे वधलेले लोक कोपऱ्यात जातात आणि देशांची नावं, सैन्यांचे नकाशे मध्यभागी येतात, ते कितीही नीटनेटकं असलं तरी मला पटत नाही.

आता मतांकडे येतो. प्रीमिलेनियल मताचे लोक म्हणतात, एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, विसाव्यात सैतान बांधला जातो आणि राज्य सुरू होतं. लिहिलं आहे त्याच क्रमाने घडणार. म्हणजे ख्रिस्त आधी येईल, मग पृथ्वीवर त्याचं राज्य आणि त्यानंतर शेवटचा न्याय. हे मत जुनं आहे. दुसऱ्या शतकातले पापियास, जस्टिन मार्टर, इरेनियस हे मानत असत. अमिलेनियल मताप्रमाणे हजार हा आकडा पूर्णतेचं चिन्ह आहे: ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळ. त्या काळात मरण पावलेले विश्वासणारे त्याच्याबरोबर स्वर्गात राज्य करत आहेत. ऑगस्टीन सुरुवातीला पृथ्वीवरच्या राज्याची वाट पाहणाऱ्यांत होता. पुढे त्याचं मत बदललं आणि 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्याने नवी मांडणी केली. पश्चिमेकडच्या मंडळीत नंतरची हजारभर वर्षं तीच प्रमुख राहिली. तिसरं मत पोस्टमिलेनियल: सुवार्तेच्या बळावर जग हळूहळू ख्रिस्ताकडे वळेल, शांतीचा दीर्घ काळ येईल आणि त्याच्या शेवटी प्रभू येईल. अठराव्या शतकात जोनाथन एडवर्ड्सने ही आशा बाळगली आणि त्या काळच्या मिशनकार्याला तिने मोठं बळ दिलं. दोन महायुद्धांनंतर तिचा जोर ओसरला. हे मत मानणारे आजही आहेत आणि त्यांना भाबडे म्हणून बाजूला सारू नकोस. सगळी राष्ट्रं राजाची सेवा करतील असं म्हणणारं स्तोत्र 72 त्यांच्या बाजूने बोलतं.

तुझ्या पत्रात एक गोंधळ आहे, तो आधी सोडवू. तुझ्या अभ्यासगटात शिकवतात ते रॅप्चर, म्हणजे शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी मंडळी गुपचूप स्वर्गात उचलली जाणं, आणि प्रीमिलेनियल मत यांना तू एकच समजतोस. ते एक नाहीत. संकटाआधीच्या रॅप्चरची शिकवण 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने मांडली आणि 1909 मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांसहित बायबलने ती घरोघर नेली. त्या बायबलात टिपा वचनांच्याच पानावर छापलेल्या होत्या. वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली, याचं भान कित्येक वाचकांना राहिलं नाही असं मला वाटतं. इरेनियस पक्का प्रीमिलेनियल होता, पण मंडळीला ख्रिस्तविरोधकाच्या छळातून जावं लागेल असंच तो मानत असे. विसाव्या शतकात जॉर्ज एल्डन लॅड या अभ्यासकाने हाच जुना धागा पुन्हा पुढे आणला. तेव्हा तुझ्या गटातल्या तक्त्याबद्दल शंका आली, तर तिच्यासाठी सगळं प्रीमिलेनियल मत टाकून देण्याची गरज नाही.

रॅप्चरसाठी दाखवतात ती दोन वचनंही त्यांच्या जागी ठेवून बघ. पहिल्या थेस्सलनीकाकरांच्या चौथ्या अध्यायात पौल शोक करणाऱ्यांचं सांत्वन करतो आहे: तुमची मेलेली माणसं मागे राहणार नाहीत. तिथे आज्ञाध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, तुतारी आहे. गुपचूप काहीच नाही. मत्तय चोविसाव्या अध्यायात शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जातो, पण त्याच्या आधीच्याच वचनात नोहाच्या काळचा जलप्रलय सगळ्यांना वाहून नेतो. मग 'घेतला जाणं' हे सुटका की न्याय? हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. गटात हा प्रश्न विचार, पण खरोखर उत्तर ऐकायचं असेल तरच.

मी स्वतः अमिलेनियल मताकडे झुकतो. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की अशी घटका येत आहे जिच्यात कबरेतले सगळे बाहेर येतील, चांगलं करणारे जीवनासाठी आणि वाईट करणारे न्यायासाठी. मध्ये हजार वर्षांचं अंतर मला तिथे दिसत नाही. पहिल्या करिंथकरांच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थान होताच मरण विजयात गिळलं जातं. त्यानंतर पुन्हा लोक मरतील असं राज्य कुठे बसवायचं, हे मला उमगत नाही. शिवाय प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातली पक्ष्यांची मेजवानी आणि विसाव्यातले देवाच्या लोकांवर चालून येणारे गोग व मागोग, दोन्ही जुन्या करारातल्या यहेज्केलाच्या 38 आणि 39 या अध्यायांतून आले आहेत. एकच लढाई दोनदा, दोन बाजूंनी दाखवली आहे असं मला वाटतं.

पण माझ्या मताची दुखरी जागाही तुला दाखवतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या चौथ्या वचनात ते वधलेले 'जिवंत झाले' आणि पाचव्यात बाकीचे मेलेले हजार वर्षं पुरी होईपर्यंत 'जिवंत झाले नाहीत'. दुसरं जिवंत होणं शरीराचं असेल, तर शेजारच्याच ओळीतलं पहिलं आत्मिक कसं? एकोणिसाव्या शतकात हेन्री आल्फर्ड या बायबल-अभ्यासकाने हा आक्षेप फार जोरात मांडला आणि त्याचं वजन अजून कमी झालेलं नाही. दुसरा आक्षेप असा की सैतान बांधलेला असेल, तर पेत्र त्याला गर्जणारा, फिरणारा सिंह का म्हणतो? याला माझ्याकडे बरं उत्तर आहे. राष्ट्रांना त्याने फसवू नये एवढ्यासाठी तो बांधला आहे असं तिसरं वचन स्वतःच सांगतं, आणि बलवानाला आधी बांधण्याबद्दल येशू मत्तय बाराव्या अध्यायात बोललेलाच आहे. पहिल्या आक्षेपावर मात्र माझं उत्तर इतकं भक्कम नाही. ते 'आत्मे' आहेत, मरणानंतर प्रभूबरोबर जगणं हेच पहिलं पुनरुत्थान, असं मी म्हणतो आणि मानतो. पण समोरच्याने मान हलवली नाही तर त्याला हट्टी म्हणायचा मला अधिकार नाही. तूही कुठलंही मत धरलंस तरी त्याच्या विरोधातलं सगळ्यात जड वचन तुला तोंडपाठ असलं पाहिजे. ते ज्याला सांगता येत नाही त्याने अजून शिकवायला उभं राहू नये.

वाद कसा घालावा याचा माझ्या आवडीचा दाखला तिसऱ्या शतकातला आहे. इजिप्तमधल्या नेपोस नावाच्या बिशपने पृथ्वीवरच्या राज्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं होतं आणि अर्सिनोए भागात त्यावरून मंडळ्या फुटायला लागल्या होत्या. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस तिथे गेला. त्याने गावोगावचे वडील आणि शिक्षक बोलावले आणि लागोपाठ तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यांच्याबरोबर बसून ते पुस्तक तपासलं. नेपोस तेव्हा हयात नव्हता. त्याच्याशी आपण सहमत नाही हे सांगतानाच दियोनिसियस त्याचा विश्वास, त्याचे श्रम, वचनाचा त्याचा अभ्यास आणि त्याची भक्तिगीतं यांबद्दल प्रेमाने लिहितो. समोरच्या लोकांचंही तो कौतुक करतो: त्यांनी क्रमाने प्रश्न विचारले, अडचणी टाळल्या नाहीत आणि पटल्यावर मत बदलायला लाजले नाहीत. त्या बाजूचा पुढारी कोराकियोन याने शेवटी आपलं म्हणणं सोडलं. हा वृत्तान्त मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवला आहे. प्रकटीकरण आपल्याला पुरतं कळत नाही, पण म्हणून आपण ते नाकारत नाही, असंही हाच दियोनिसियस म्हणतो. जस्टिन मार्टरही तसाच. यरुशलेमातल्या हजार वर्षांच्या राज्यावर त्याचा ठाम विश्वास होता, तरी शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे पुष्कळ लोक वेगळं मानतात, हे त्याने लिहून ठेवलं. या दोघांचं एकमेकांशी पटलं नसतं. पण त्यांच्यातल्या कोणाच्याही मंडळीत मी आनंदाने बसलो असतो.

तारखा सांगणाऱ्यांबद्दल मात्र मी इतका मऊ नाही. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरने दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे वर्षं धरली, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजली, आणि त्याच्या चळवळीने शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरवला. काही अनुयायांनी शेतातलं पीक कापलं नाही. रेडिओवरचे उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख दिली, आणि लोकांनी आयुष्यभराची बचत जाहिरातफलकांवर घातली. पुढच्या वर्षी त्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली, पण तोवर किती घरांतला विश्वास करपून गेला असेल, याचा विचार आला की मला राग येतो. त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्क तेराव्या अध्यायात स्वतः पुत्र सांगतो. त्याच्यापेक्षा जास्त जाणण्याचा दावा करणाऱ्याकडे, तो कितीही नम्रपणे बोलत असला तरी, तू कान देऊ नकोस. बातम्यांतलं प्रत्येक युद्ध उचलून गोग-मागोगच्या जागी बसवणारेही मला त्याच वाटेवरचे वाटतात.

तू विचारलंस की गटाच्या विश्वासविधानात प्रीमिलेनियल शब्द आहे, त्यावर सही करू का. मनापासून मानत नसशील तर करू नकोस, आणि तसं पुढाऱ्याला शांतपणे सांग. पण त्याने तुला अविश्वासू ठरवलं तर त्याच्यापुढे निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे प्राचीन मंडळीचं विश्वासविधान, ठेव. प्रभू जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, एवढंच त्यात आहे. हजार वर्षांवर मत मागितलेलं नाही, आणि ज्या मंडळीने ते शब्द स्वीकारले तिला हा वाद माहीत नव्हता असं नाही. अलीकडे, 2019 मध्ये, इव्हँजेलिकल फ्री चर्च ऑफ अमेरिका या संघानेही आपल्या विधानातून प्रीमिलेनियल शब्द काढला आणि ख्रिस्ताचं येणं 'गौरवी' असेल असं म्हटलं. मत बाळगणं वेगळं आणि त्याला मंडळीच्या दारावरचं कुलूप करणं वेगळं, हे त्यांनी ओळखलं. तुझ्यावर तशी वेळ आलेली नाही तोवर गट सोडू नकोस. ज्यांनी तुला वचन वाचायला शिकवलं त्यांच्याशी तू आता वचनावरून असहमत होतो आहेस, यात कृतघ्नपणा नाही. मध्येच उठून गेलास तर मात्र तो होईल.

शेवट जवळ आला आहे म्हणून शिक्षण पुढे चालवण्यात अर्थ आहे का, हा तुझा प्रश्न वाचून मी थांबलो. थेस्सलनीकातल्या लोकांनाही प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं सांगून कोणीतरी हादरवलं होतं. पौल त्यांना लगेच गडबडून जाऊ नका म्हणतो, आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात काम सोडून बसलेल्यांना शांतपणे काम करा आणि स्वतःचं अन्न खा म्हणून बजावतो. प्रभू उद्या आला तर तू अभ्यासाला बसलेला त्याला सापडलास, याचं त्याला वाईट वाटेल असं मानायला मला शास्त्रात आधार मिळत नाही. परीक्षा दे. पुढच्या वर्षाचा प्रवेशही घे.

वाचायला काय घेऊ म्हणतोस, तर टीकाग्रंथ नंतर. आधी प्रकटीकरणाचे दुसरा आणि तिसरा अध्याय, मग दानीएल सातवा, आणि नंतर यहेज्केल 37 पासून शेवटपर्यंत सलग. यहेज्केल मुद्दाम सांगतो आहे. तिथे आधी वाळलेली हाडं जिवंत होतात, मग लोक दाविदाच्या राज्यात निर्भयपणे राहतात, मग गोग येतो, आणि शेवटी नवं मंदिर दिसतं. प्रकटीकरण 20 आणि 21 चा क्रम याच्याशी जुळतो, आणि तो माझ्या बाजूला अडचणीत आणतो. तुझ्या गटाच्या पुढाऱ्याने हा मुद्दा अजून काढला नसेल, तर तूच त्याच्यापुढे मांड, आणि तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला एक वडीलधारा