माउंटन बायकिंगच्या फिल्म्समध्ये एवढं काय असतं, आणि त्यांच्या संगीताचं इतकं कौतुक का होतं?

ज्यांनी कधी डोंगरात सायकल घातली नाही, तेही या फिल्म्स पुन्हा पुन्हा का बघतात, आणि संगीताबद्दल इतकं भरभरून का बोलतात, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं या फिल्म्स बघत आलेय. थरार हे उत्तर मला पुरत नाही. थरार पहिल्या वेळेपुरता असतो. रायडर पडणार नाही हे कळलं की तो ओसरतो, आणि तरी आपण तीच फिल्म परत लावतो. परत लावतो ती संगीतामुळे तो डोंगर जसा दिसायला लागतो त्यासाठी.

स्कॉटिश सायकलपटू डॅनी मॅकअस्किलची २०१४ सालची ‘द रिज’ घ्या. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत स्काय नावाचं बेट आहे, आणि डॅनी तिथल्याच डनव्हेगन गावचा. बेटावर ब्लॅक कूलिन ही डोंगररांग आहे. साधारण १२ किलोमीटर लांबीची, काळ्या खरखरीत गॅब्रो खडकाची धार; दोन्ही अंगांना कडे आणि घसारा. या धारेवर ‘इनॅक्सेसिबल पिनॅकल’ नावाचा सुळका आहे. माथ्याची उंची ९८६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. पण ही रांग जवळजवळ समुद्रातूनच उठते, आणि सुळक्याच्या माथ्यावर पोचायला कातळ चढावाच लागतो. डॅनी सायकल पाठीवर घेऊन तो चढतो. ड्रोन त्याच्याभोवती फिरत लांब जातो, खाली समुद्र दिसतो, आणि माणूस नखाएवढा होतो.

आता या दृश्यांवर काय वाजतं ते ऐका. रचना आहे मार्टिन बेनेटची ‘ब्लॅकबर्ड’, त्याच्या २००३ च्या ‘ग्रिट’ या अल्बममधली. त्यात गाणारी बाई म्हणजे लिझी हिगिन्स. ही स्कॉटलंडच्या भटक्या समाजातली लोकगायिका, जीनी रॉबर्टसन या मोठ्या गायिकेची मुलगी; पोटासाठी ॲबर्डीनमध्ये मासळी साफ करायचं काम केलेली. ती १९९३ मध्ये गेली. बेनेटने तिचा जुना ध्वनिमुद्रित आवाज घेतला आणि त्याखाली आजचे ठोके आणि सूर रचले. तो स्वतः बॅगपाइप्स आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा कसलेला वादक, पण ‘ग्रिट’च्या वेळी कर्करोगाने इतका खचला होता की वाद्य हातात धरणं जमत नव्हतं. म्हणून त्याने जुन्या आवाजांतून संगीत घडवलं. २००५ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी तो गेला.

हे काहीही माहीत नसताना मी फिल्म पाहिली तेव्हाही तो आवाज अंगावर आला होता. साथीशिवाय गायची सवय असलेला, न सजवलेला गळा. गाणं प्रियकराने सोडून दिलेल्या मुलीचं. सायकलशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण तो आवाज सुरू झाला की पडद्यावरचा मुलगा कसरती करायला आलेला पाहुणा वाटत नाही, घरी परतलेला वाटतो. हेच दृश्य एखाद्या दणदणीत रॉक गाण्यावर लावा. तोच सुळका नुसता अडथळा होऊन बसेल आणि तोच मुलगा त्याच्यावर मात करणारा वीर.

म्हणून जिथला डोंगर तिथलंच गाणं हवं, असा नियम मात्र मी करणार नाही. डॅनीच्याच २०१० च्या ‘वे बॅक होम’मध्ये तो एडिनबरापासून डनव्हेगनपर्यंत जातो, आणि त्यातली गाणी आहेत ‘द जेझबेल्स’ या ऑस्ट्रेलियन बँडचं एक आणि ‘लॉख लोमंड’चं एक. हे दुसरं नाव स्कॉटिश सरोवराचं असलं तरी बँड अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. तरी ती गाणी त्या ओल्या, करड्या प्रदेशावर अशी बसतात की आता ती मला दुसरीकडे कुठे ऐकवत नाहीत. गाण्याला स्वतःचा स्वभाव हवा आणि संकलकाला धीर हवा, एवढं मी म्हणेन.

धीर कशाला? तर प्रत्येक ठोक्यावर एक कट, प्रत्येक उडी स्लो मोशनमध्ये, हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि ढिगाने फिल्म्स त्याच वाटेने जातात. दोन मिनिटांत कान विटतो. चांगला संकलक गाण्याची आवर्तनं मोजतो. रायडर बराच वेळ नुसता चालवत राहतो, ताण साठत जातो, आणि उडीनंतर टायर जमिनीला टेकतो तो नेमका समेवर. तबल्याच्या मैफिलीत ज्या क्षणी मान आपोआप हलते, तसंच होतं. २००९ ची ‘इन्स्पायर्ड बायसिकल्स’ डोंगरातली नाही, एडिनबराच्या रस्त्यांवरची आहे, पण ही गोष्ट तिच्यात स्वच्छ दिसते. ‘बँड ऑफ हॉर्सेस’चं ‘द फ्यूनरल’ हळू आवाजात सुरू होतं, आणि डॅनी तेव्हा टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल न्यायचा प्रयत्न करतो आणि पडतो. ते पडणं कापलेलं नाही. त्यामुळे पुढे गाणं उसळतं तेव्हा ते त्याने कमावलेलं वाटतं.

यात पैशाचाही भाग आहे. गाजलेलं गाणं वापरायला रचनेच्या हक्कांची एक परवानगी लागते आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची दुसरी. छोट्या निर्मात्यांना ते झेपत नाही, म्हणून तयार मिळणारं स्वस्त संगीत लावलं जातं आणि सगळ्या फिल्म्स एकसारख्या ऐकू येतात. सह्याद्रीतल्या वाटांवर आपली मुलं सुंदर चालवतात, पण त्यांच्या व्हिडिओंवरही तेच ऐकू येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे आवाजांची वानवा नाही.

चित्रणाची बाजू थोडक्यात सांगते, ती डोळ्यांना आपोआप दिसतेच. ‘अनरियल’ (२०१५) मध्ये ब्रँडन सेमेनुक या कॅनेडियन रायडरची पूर्ण राइड एकाही कटशिवाय आहे. कॅलिफोर्नियात केंब्रियाजवळ ट्रेलला समांतर रस्ता तयार करून ट्रकवरच्या कॅमेऱ्याने ती टिपली. ‘लाइफ सायकल्स’ (२०१०) ऋतू पालटताना दाखवते आणि तिला कसलीही घाई नाही. याच सेमेनुकची ‘रॉ १००’ शंभर सेकंदांची आहे आणि तिच्यात संगीतच नाही: चाकाच्या मध्यातल्या हबची करकर, मातीत घासणारा टायर, हवेत असतानाची शांतता, मग धप्प. ती पाहिली की संगीत कुठे नको हेही कळतं.

सुरुवात करायची असेल तर ‘द रिज’ आधी आवाज बंद करून बघा, मग हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेनेटने त्या आवाजाखाली जे रचलंय ते तिथे ऐकूच येत नाही. त्यानंतर ‘वे बॅक होम’. ‘रॉ १००’ शेवटी ठेवा, तोवर कान तयार झालेला असेल.