पेंडीऐवजी घरचा वाटाणा चालेल का?

प्रश्न: आमच्याकडे 12 गाई आणि थोड्या अंड्यावरच्या कोंबड्या आहेत. सोयापेंडीचा खर्च झेपत नाही. शेतातच वाटाणा, चवळी, सोयाबीन लावून पेंड बंद केली तर जमेल का, आणि किती पेंडीला किती दाणा धरायचा?

उत्तर: लावा, नक्की लावा, पण पेंड एकदम बंद नका करू. बहुतेक लोक इथंच फसतात, 1 किलो पेंड काढली की 1 किलो वाटाणा टाकतात आणि मग दूध उतरलं म्हणून वाटाण्याला बोल लावतात. सोयापेंडीत प्रोटीन साधारण 44 टक्के, वाटाण्यात 22च्या आसपास, म्हणजे निम्मंच. पण वाटाण्यात स्टार्चही भरपूर असतो, म्हणून तो नुसत्या पेंडीची नाही तर थोडी मक्याचीही जागा घेतो. ढोबळ हिशोब असा, 2 किलो वाटाणा घातला तर पाऊण किलो पेंड आणि सव्वा किलो मका कमी करायचा. मका तसाच ठेवलात तर स्टार्च जास्त होऊन पोट बिघडतं, अॅसिडिटी होते.

दुसरं म्हणजे वाटाण्याचं प्रोटीन रुमेनमध्ये (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) लवकर विरघळतं, पुढं आतड्यापर्यंत कमी जातं. कमी दुधाच्या गाईला त्याने काही फरक पडत नाही, पण ताज्या व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईची थोडी पेंड राहू द्याच.

सोयाबीन कोंबड्यांना कच्चं अजिबात देऊ नका, त्यात प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, नीट भाजूनच द्या. शिवाय कडधान्यात मेथिओनिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) कमी असतं, ते कोंबड्यांना वेगळं द्यावं लागतं.

चवळी मी दाण्यापेक्षा हिरव्या चाऱ्यासाठीच घेईन, मक्यात मिसळून पेरायची आणि फुलोऱ्यात कापायची. फक्त सकाळी उपाशी पोटी ओली चवळी टाकू नका, पोटफुगी होते, आधी कोरडा चारा द्या. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारं जिवाणू खत) लावा आणि त्याच रानात दरवर्षी कडधान्य नको, मर रोग वाढतो.

साठवताना दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून वाळवा, नाहीतर बुरशी लागते. गाईंना भरडूनच द्या, दोन आठवड्यात हळूहळू वाढवत. आणि अधूनमधून शेण बोटांनी फोडून बघा, अख्खे दाणे दिसले तर भरडा अजून बारीक करायला हवा.