रक्त ब्रशमुळे येत नाही

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते, की ब्रशवर रक्त दिसलं तर ब्रश बदलू नका, हिरडी तपासून घ्या. त्यावर पिशवीभर पत्रं आली. बहुतेक पाकिटांवर माझ्या नावाआधी ‘डॉ.’ आहे. ते खोडा. मी दंतवैद्य नाही, डेंटल हायजिनिस्ट आहे; सरकारी कागदावर ‘दंत आरोग्यक’. दोन वर्षांचा कोर्स केला आणि निवृत्त होईपर्यंत, २९ वर्षं, एका जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात लोकांच्या दातांवरचं कीटण काढलं. औषध लिहून देणं, दात काढणं, हिरडीची शस्त्रक्रिया ही माझी कामं नव्हेत. मी सांगते ते खुर्चीशेजारी बसून पाहिलेलं.

प्रश्न : वय ४६. दोन वर्षांपासून ब्रश केला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं. बोटाने मीठ चोळते. डॉक्टरांनी ‘पॉकेट ६ मिलिमीटर’ असं लिहून चार वेळा बोलावलंय. पहिल्या खेपेला त्यांनी हातच लावला नाही. एका मुलीने अर्धा तास आकडे मोजले आणि मला ब्रश करून दाखवायला सांगितला! पैसे मात्र पूर्ण घेतले. जाऊबाई म्हणतात, स्केलिंगने (यंत्राने कीटण काढण्याने) दात ढिले होतात, त्यांच्या दातांत फटी पडल्या. काय करू? – एक वाचक, कराड

ताई, त्या मुलीवर रागावू नका. बहुधा ती माझ्याच जातकुळीतली असेल. आणि तो अर्धा तास हाच तुमच्या उपचाराचा पाया आहे.

हिरडी दाताला चिकटलेली दिसते, पण कडेला बारीकशी फट असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. बोथट टोकाची, खुणा केलेली सळई एकेका दाताभोवती सहा ठिकाणी टेकवून ती मोजतात. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले, तर १६८ आकडे होतात. तिने हेच मोजलं. तुमचं ‘पॉकेट ६’ म्हणजे फटीची खळगी झाली आहे आणि तिथलं हाड खाली गेलं आहे. ब्रशचा केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर पोचतो. मीठ तर वरच राहतं. खाली जे साठलंय ते तुम्हाला घरी निघणार नाही, म्हणून चार खेपा.

आता रक्ताचं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. म्हणजे तुम्ही जिथे ब्रश लावणं सोडलं, तिथेच दुखण्याला मोकळं रान दिलं. रक्त येतं तिथे ब्रश जास्त वेळ, हलक्या हाताने, हिरडीच्या रेषेवर तिरका धरून फिरायला हवा. पहिले काही दिवस रक्त वाढल्यासारखं वाटेल. घाबरू नका. पंधरा दिवसांनी गुळणीचं पाणी स्वतःच बघा.

जाऊबाई खोटं बोलत नाहीत, फटी पडतात. पण स्केलिंगने त्या पाडल्या नाहीत. जीवाणूंचा मऊ थर दातावर राहिला की लाळेतल्या क्षारांनी तो दगड होतो, ते कीटण. त्याच्या खरबरीत पाठीवर नवा थर बसतो, हिरडी सुजते, वर्षानुवर्षांच्या सुजेने हाड झिजतं. हाड गेल्याने झालेली पोकळी कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली असते. दगड निघाला, सूज ओसरली, की खाली काय उरलंय ते दिसतं. आमच्याकडे एक आजोबा निघालेला खडा रुमालात बांधून घेऊन गेले होते, ‘घरी दाखवतो, माझा दात तोडला’ म्हणून. दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर परत आले. आरसा हातात देऊन सगळे दात मोजून दाखवले तेव्हा कुठे बसले. यंत्राची टोकं सेकंदाला पंचवीस हजारांच्या वर वेळा थरथरतात आणि त्या थरथरीने खडा सुटतो. तो कानस नाही. दात झिजवायला आम्हाला कोण पगार देईल?

हिरडी खाली बसल्यावर मुळं उघडी पडतात, काही आठवडे थंड पाणी झोंबतं. त्याची पेस्ट मिळते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा आकडे मोजतील. ते करून घ्याच. ६ चे ४ झाले आणि रक्त थांबलं तर बहुधा एवढ्यावर भागेल. नाहीच उतरले, तर डॉक्टर हिरडी उघडून आतलं साफ करण्याबद्दल बोलतील, ते ऐकून घ्या. आणि त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी खेप आहे. गेलेलं हाड आपोआप परत भरून येत नाही. आहे ते राखायचं.

राहिला ब्रश करून दाखवण्याचा अपमान! माझ्याकडे प्राध्यापक आले, पोलीस निरीक्षक आले, सगळ्यांनी नाक मुरडलं. मग मी थर रंगवणारी गोळी चघळायला द्यायचे आणि आरसा पुढे धरायचे. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची कड, दोन्ही लालभडक. निरीक्षकसाहेब आरसा खाली ठेवीनात. तुमच्या दातांच्या मधल्या फटी साफ करायला दोराही पुरा पडणार नाही. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असावं तसा बारीक ब्रश मिळतो, तो कुठल्या मापाचा लागेल हे त्याच मुलीला विचारा. सेफ्टी पिन घालत असाल तर आजपासून बंद.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी. त्यांच्या हिरडीतून कधी थेंबभर रक्त नाही. मी रोज दोनदा ब्रश करते आणि मला रक्त! त्या मला हसतात. – वाचक, पाटण

हसू द्या, पण त्यांना एकदा दाखवून आणा. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं. आत हाड झिजत असतं आणि वर रक्त दिसत नाही. मशेरीवाल्या बायकांच्या तोंडात मी फिकट, घट्ट, वरून धडधाकट हिरड्या पाहिल्या आहेत आणि सळई आत ७ मिलिमीटर गेली आहे. त्यातली वाईट गोष्ट अशी, की मशेरी सोडली की काही दिवसांनी रक्त दिसायला लागतं. बाई म्हणते, ‘बघा, सोडली आणि बिघडलं’, आणि तवा परत चुलीवर. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की सोडणारीला आधीच सांगून ठेवायचे : रक्त येईल, ते वाहिन्या मोकळ्या झाल्याचं आहे, ये इकडे, आपण साफ करू. मशेरी जिथे दाबून धरतात तिथे गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा आहे का, तेही डॉक्टरांना बघायला सांगा. ते हिरडीच्या दुखण्यापेक्षा घाईचं असतं.

त्यांचे दात खरोखरच पक्के निघाले तर? निघतीलही. त्याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० कामगारांकडे १९७० पासून १५ वर्षं लक्ष ठेवलं. या पुरुषांना दात घासणं माहीत नव्हतं, दंतवैद्य माहीत नव्हता. त्यातल्या ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडी सुजण्यापलीकडे गेलंच नाही. सासूबाई त्या ११ मधल्या असतील. तुम्ही कुठल्या, हे तुमचं रक्त सांगतंय.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आणि रक्तदाब. आठ महिन्यांपासून हिरड्या वाढून दातांवर चढू लागल्या आहेत, दात निम्मे दिसतात. दुखत नाही. – वाचक, लातूर

तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. ‘ॲम्लोडिपीन’ दिसलं तर ते कारण असू शकतं. फिट्सच्या ‘फेनिटॉइन’नेही असंच होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब वाढून काही झालं तर हिरड्या बघायला कोण राहील? तुमच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा, ते दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात. मात्र अशा हिरड्यांत जीवाणूंचा थर असला की सूज जोर धरते, म्हणून साफसफाई घरी आणि दवाखान्यात, दोन्हीकडून. उरलेला फुगवटा डॉक्टर छाटतात. साखरेचं म्हणाल तर ही दोन दुखणी एकमेकांना धरून असतात. साखर चढली की हिरडी बरी होत नाही, आणि हिरडीचा उपचार नीट झाला की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा काही दशांशांनी उतरलेला दिसतो. दशांशांनीच हं, गोळ्या सोडण्याइतका नाही.

प्रश्न : सूनबाईंना पाचवा महिना. हिरड्या सुजल्यात. बाळंतपण होईपर्यंत दवाखान्यात नेऊ नये असं ऐकलंय. – वाचक, नाशिक

उलट आत्ताच न्या. चौथा ते सहावा महिना दात साफ करून घ्यायला सगळ्यात सोयीचा. सूज संप्रेरकांनी वाढते, पण थर नसेल तर वाढायला जागा मिळत नाही. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं हे मात्र खरं नव्हे.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला गेले होते. तिथे डॉक्टरला न भेटता थेट हायजिनिस्टकडे नेलं. आपल्याकडे असं चालतं का? – वाचक, ठाणे

नाही. तिथेही मे २०१३ पासूनच थेट जाता येतं, आधी दंतवैद्याची चिठ्ठी लागायची. आपल्या १९४८च्या दंतवैद्यक कायद्यात हायजिनिस्टची व्याख्या अशी केली होती : दात खरवडणं, साफ करणं, चकचकीत करणं आणि दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देणं. पण काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली. हा पेशाच मुळात एका दंतवैद्याने घडवला. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये शाळाच काढली. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत स्केलिंग बहुतेक दंतवैद्यच करतात, आणि शिकवायला त्यांना वेळ कुठला! माझ्या मते नुकसान तिथेच होतं. तुमच्या तोंडात यंत्र घालणारी व्यक्ती दंतवैद्य नसेल, तर ‘महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे का?’ असं विचारायला लाजू नका. नुसत्या मदतनिसाचं ते काम नाही.

प्रश्न : स्केलिंगनंतर दिलेला माउथवॉश चार महिने रोज वापरतोय. दात तपकिरी झालेत. बाटली बदलू का? – वाचक, इचलकरंजी

क्लोरहेक्सिडीन असेल. ते बहुधा दोन आठवड्यांपुरतं लिहून दिलं असणार, चिठ्ठी शोधा. चहाबरोबर त्याचे डाग धरतात, तोंडाची चवही जाते. डाग वरचे आहेत, पॉलिश केलं की निघतील, पेस्टने घासत बसू नका. ज्यांनी स्केलिंग केलं त्यांच्याकडेच जा, आणि जाताना घरचा ब्रश बरोबर न्या.